बॅटरी रिकामी की निकामी? आधी माप घ्या, मग घरीच बदला

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सहा-सात वर्षांची. बॅटरी बदलून जवळपास चार वर्षं झाली. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सेल्फ जड फिरतो, दोनदा शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावावा लागला. दुपारी मात्र गाडी एका झटक्यात चालू होते. ते अंबडला कामाला दुचाकीने जातात, त्यामुळे आठवडाभर गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून नुसतं बघितलं आणि ‘बॅटरी गेली, नवीन टाका’ असं सांगितलं. ती खरंच बदलावी लागेल का, आणि बदलायची तर घरी जमेल का?

घरी नक्की जमेल. दहाचा पाना, मल्टिमीटर आणि अर्धा-पाऊण तास एवढं पुरतं. बदलावी का, हे मात्र बोनेट उघडून नुसतं बघणाऱ्याला सांगता येणार नाही आणि तुमची गाडी समोर नसताना मलाही सांगता येणार नाही. कारण रिकामी बॅटरी आणि निकामी बॅटरी थंडीच्या सकाळी अगदी सारख्या वागतात. दोन्ही सेल्फला जोर देत नाहीत आणि दोन्ही जंपर लावला की गाडी चालू करून देतात. रिकामी असेल तर नीट चार्ज केल्यावर ती पुढेही चालते. निकामी असेल तर कितीही चार्ज करा, एक-दोन दिवसांत पुन्हा बसते. तिसरी शक्यता सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच कदाचित सगळ्यात दुर्लक्षित: बॅटरी धडधाकट आहे, पण टर्मिनलची पकड सैल किंवा मळलेली आहे. अशा गाडीत नवीन बॅटरी बसवली की टर्मिनल आपोआप घासून घट्ट होतं, गाडी चालू होते आणि सगळ्यांना वाटतं बॅटरीच गेली होती.

आधी थंडीचं बघू. नाशिकची पहाट दहा अंशांच्या खाली जाते, निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्याच दिवसांत गाड्या सकाळी अडतात. म्हणून थंडीने बॅटरी जाते असं वाटतं. प्रत्यक्षात बॅटरी खराब होते ती एप्रिल-मेच्या उन्हात. आतल्या शिशाच्या जाळ्या गंजणं आणि ॲसिडमधलं पाणी कमी होणं या रासायनिक क्रिया आहेत, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. उघड्या पार्किंगमध्ये बोनेटखाली किती तापत असेल याचा अंदाज तुम्हाला आहेच. उन्हाळ्यात हे नुकसान दिसत नाही, कारण इंजिन ऑइल पातळ असतं आणि गरम बॅटरी करंटही जोरात देते. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमक्या त्या वेळी बॅटरीची ताकद घटलेली असते. मे महिन्यातलं नुकसान डिसेंबरात उघडं पडतं ते असं. पण ‘सकाळी जड, दुपारी ठीक’ ही तुमची खूण नुसत्या रिकाम्या बॅटरीलाही लागू पडते, म्हणून तिच्यावरून निकाल देऊ नका. आपल्या हवेत कारची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. चार वर्षं झाली म्हणजे संशय घ्यायला जागा आहे, एवढंच.

मीटर काढण्यापूर्वी कान आणि डोळे वापरा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. सेल्फ दमल्यासारखा फिरत असेल आणि दिवे पिवळे पडत असतील तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. ‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला तरी तेच. सेल्फची सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच) ओढली जाते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटते, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढली जाते. एकदाच ‘टक’ असा आवाज आला, दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही, तर सेल्फची सोलेनॉइड किंवा ब्रश तपासायला हवेत. डॅशबोर्ड उजळलेला आहे पण काहीच आवाज नाही, तर आधी क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगला आहे का, किल्लीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) ओळख देतोय का ते बघा. गाडी चालताना बॅटरीचं लाल चिन्ह लागत असेल, तर ते चार्जिंगची तक्रार सांगतं, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा भाग), त्याचा पट्टा किंवा वायरिंग. त्या चिन्हावर बॅटरीचं चित्र असल्यामुळे लोक आधी बॅटरी बदलतात, आणि नवी बॅटरीसुद्धा दोन दिवसांत बसते.

बॅटरीच्या बाजू फुगल्या असतील, खोक्याला तडा असेल किंवा सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पुढच्या चाचण्या करू नका. जंपरही लावू नका आणि चार्जरही लावू नका. ती बॅटरी संपली. फुगणं आणि वास ही बऱ्याचदा जादा चार्जिंगची खूण असते, म्हणून नवीन बसवल्याबरोबर चार्जिंगचं व्होल्टेज मोजणं तिथे फार गरजेचं आहे.

आता टर्मिनल. इंजिन आणि किल्ली बंद करून निगेटिव्हचा क्लॅम्प, म्हणजे केबलच्या टोकाची पकड, हाताने फिरवून बघा. हाताने फिरला तर तो सैल आहे, आणि तुमचं सकाळचं दुखणं कदाचित तेवढंच असेल. क्लॅम्पवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी जमली असेल तर एक मोठा चमचा खाण्याचा सोडा ग्लासभर कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने धुवा. फेस येतो, तो थांबला की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. बॅटरीला झाकणं असतील तर सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड मारलं जाईल. वरून स्वच्छ दिसणारा क्लॅम्पही उघडून बघा. आतल्या कड्यावर राखाडी, निस्तेज थर असतो. तो शिशाचा ऑक्साइड. त्यातून दिवे लागण्यापुरता करंट जातो, पण सेल्फला लागणारा शंभर-दीडशे अँपियर जात नाही. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने क्लॅम्पची आतली बाजू आणि बॅटरीचा खुंट, दोन्ही चमकेपर्यंत घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण खाली सांगतो.

मीटर साधा डिजिटल चालतो, वीस व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवायचा. पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, दार किंवा किल्ली न वापरता घ्या. मीटरच्या काड्या क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या खुंटावरच टेकवा. १२.६ किंवा थोडं वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळ गाठत आलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा वर दिसतो, कारण आतल्या शिशाच्या पत्र्यांच्या वरवरच्या थरावर चार्ज असतो. अशा वेळी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडा वेळ थांबा आणि मग मोजा. आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो, त्यातला एक गेला की एवढं उरतं. तिथे वाद नाही, बॅटरी बदला.

दुसरं माप सेल्फ मारताना. घरातल्या कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटरवर लक्ष ठेवा. चांगली, भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही, बहुतेक वेळा दहाच्या वरच राहते. थंडीत थोडं कमी दिसलं तर चालेल. ही चाचणी भरलेल्या बॅटरीवरच खरी ठरते. १२.१ वर असलेली चांगली बॅटरीसुद्धा सेल्फला नऊपर्यंत कोसळू शकते. दुकानात लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून बघणारं यंत्र) लावून ‘खराब’ म्हणतात तेव्हाही विचारा, आधी चार्ज केली होती का? त्याच वेळी एक काडी पॉझिटिव्हच्या खुंटावर आणि दुसरी त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारून बघा. आकडा ०.२ च्या वर गेला तर तेवढं व्होल्टेज जोडणीत वाया जातंय. निगेटिव्ह बाजूलाही हेच करा, आणि निगेटिव्ह खुंटापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंतही मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असण्याची शक्यता आहे.

तिसरं माप इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ यायला हवं, काहींमध्ये १४.७ पर्यंत जातं. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, थोडा रेस देऊनही ते साडेतेराच्या खाली राहत असेल तर चार्जिंग कमी आहे. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नवीन बॅटरीही शिजवेल. काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. तिथे एका आकड्यावर न जाता दहा-पंधरा मिनिटं चालवून दोन-तीनदा मोजा. चालू इंजिनावर टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघतो’ अशी अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ती कोणालाही करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनचा ईसीयू, म्हणजे संगणक, जळू शकतो.

तीन मापं एकत्र वाचा. उभ्या गाडीत १२.६, सेल्फला दहाच्या वर, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास: बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक, दोष सेल्फमध्ये किंवा जोडणीत. उभ्या गाडीत १२.६ पण सेल्फला ९.६ च्या खूप खाली आणि टर्मिनल चकचकीत: बॅटरी निकामी. उभ्या गाडीत १२.२ किंवा कमी: अजून निकाल नाही, आधी चार्ज करा. आठवडाभर उभी असलेली तुमची गाडी या तिसऱ्या गटात निघेल असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज का, तो हिशेब बघा. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ एएचची (अँपियर-तास, म्हणजे एक अँपियर किती तास देता येईल ती क्षमता) बॅटरी असते. बंद गाडीसुद्धा घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयूची मेमरी यांसाठी थोडा करंट घेत राहते. ५० मिलीअँपियरपर्यंत ते चालण्यासारखं आहे. पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ एएच जातात आणि दोन आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर येते. सेल्फ मारायला किती लागतं? दीडशे अँपियर दोन सेकंद, म्हणजे ०.१ एएचहूनही कमी. म्हणून सेल्फ मारल्यामुळे बॅटरी उतरत नाही, उभं राहिल्यामुळे उतरते. आणि परत भरणं? रविवारी कॉलेज रोडपर्यंत पंधरा मिनिटं जाऊन आलात, अल्टरनेटरने पूर्ण वेळ २० अँपियर बॅटरीत घातले असं धरलं तरी ५ एएच होतात. प्रत्यक्षात थंड आणि झिजलेली बॅटरी त्याहून कमी घेते, आणि हेडलाइट, ब्लोअर आपला वाटा काढून घेतात. आठवड्यात साडेआठ एएच जातात आणि रविवारी तीन-चार परत येतात. दर आठवड्याला थोडी तूट राहते. अर्धवट रिकाम्या अवस्थेत पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे कडक होत जातात आणि चार्ज करूनही ते पूर्ण विरघळत नाहीत. रिकामी बॅटरी निकामी होते ती याच वाटेने. म्हणून ती आठवडेच्या आठवडे तशी ठेवणं वाईट.

तेव्हा चार्जर लावा. एएचच्या दहाव्या भागाएवढा करंट हा जुना नियम चांगला आहे, ३५ एएचला साडेतीन अँपियरच्या आसपास. पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतील. आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर घ्या. साधा ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढून लावा आणि लक्ष ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून जागा मोकळी हवी आणि जवळ काडी, सिगारेट, देवापुढची उदबत्ती काही नको. चिमटे आधी लावायचे, मग चार्जरचं बटण. काढताना उलट. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पत्रे बुडालेले आहेत ना ते बघा. नसतील तर बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंतची भर चार्ज झाल्यावर करा. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, त्यातले क्षार पत्रे खातात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) मिळाला तर भरलेल्या सेलचं ॲसिड १.२५ ते १.२८ दाखवतं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर तो सेल गेला. बंद बॅटरीवरचा हिरवा डोळा एकाच सेलची स्थिती सांगतो, त्यावर फार भरवसा ठेवू नका.

चार्ज झाल्यावर निगेटिव्ह क्लॅम्प न लावता बॅटरी रात्रभर सोडा. सकाळी मोजा. गाडीपासून सुटी असूनही १२.४ किंवा त्याखाली आली असेल तर तिच्यात साठवून ठेवायची ताकद उरलेली नाही. निर्धास्त बदला. १२.६ टिकून राहिली तर क्लॅम्प लावून पुढची रात्र गाडी बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. जोडल्यावर आकडा उतरला तर करंट गाडीत कुठेतरी जातोय, आणि नवीन बॅटरीलाही तो तसाच खाईल. पहिल्या संशयित या बाहेरून बसवलेल्या वस्तू: पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून टाकलेली म्युझिक सिस्टीम, डिकीतला न विझणारा दिवा. २५० मिलीअँपियर घेणारा डॅशकॅम दिवसाला ६ एएच खातो, तीन दिवसांत ३५ एएचची बॅटरी अर्धी. फास्टॅगला बॅटरी लागत नाही, तो निर्दोष आहे.

हा करंट मोजायचा तर मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला आणि मीटर निगेटिव्ह खुंट व सुटी केलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडा. दारं बंद, किल्ली गाडीपासून लांब, आणि निदान अर्धा तास थांबा, कारण नव्या गाड्यांचे कंट्रोलर (आतले छोटे संगणक) झोपायला वेळ घेतात. मग आकडा वाचा. ५० मिलीअँपियरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला हात लावल्यावर आकडा पडेल ती लाइन. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जळेल. फ्यूज काढूनही काही सापडलं नाही तर अल्टरनेटरचा डायोड गळत असू शकतो. तिथून पुढे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

आता समजा बॅटरी बदलायची ठरली. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या बॅटरीचा आणि तिच्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. ३८बी२०एल असा काहीसा कोड दिसेल. त्यातलं २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, आणि शेवटचा एल किंवा आर हे टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतो. ते अक्षर चुकलं तर केबल पोहोचत नाही, आणि ओढूनताणून पोहोचवली तर उलटी लागण्याचा धोका. खुंटाची जाडीही बघा. लहान गाड्यांत पातळ खुंट असतात, इतर बऱ्याच बॅटऱ्यांत जाड. पातळ खुंटावर जाड क्लॅम्प पत्र्याचा तुकडा घालून बसवलेला मी नेहमी बघतो. सेल्फचा करंट त्या तुकड्यातून जातो आणि तो तापतो, असं करू नका. एएच कंपनीने दिला तेवढाच घ्या. ट्रेमध्ये नीट बसत असेल तर थोडा जास्त एएच चालतो, अल्टरनेटरला त्याने काही होत नाही, पण कमी एएच घेऊन पैसे वाचवू नका. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी कारमध्ये नको, ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, एकदम उसळून द्यायला नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर वारंवार चालू-बंद सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरीच हवी, साधी तिथे लवकर मरते. अशा काही गाड्यांत नवीन बॅटरी बसवल्यावर संगणकाला स्कॅनरने तसं कळवावंही लागतं. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी परत जोडावी लागते. या गाड्यांचं काम सर्व्हिस सेंटरला किंवा ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडे द्या. तुमच्या साध्या हॅचबॅकला यातलं काही लागू नसावं, पण मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या.

काउंटरवर बॅटरीची उत्पादन तारीख विचारा. तीन महिन्यांच्या आतली चांगली. नुसती कपाटात पडूनही बॅटरी उतरते. मीटर बरोबर न्या आणि तिथेच मोजा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बिघडली तर बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्यात नवीनच्या किमतीवर सूट मिळते. दुकानदार एकूण महिने सांगतो, तुम्ही पहिल्या भागाचे महिने विचारा. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर घालून घ्या.

बदलताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. किल्ली काढा, ड्रायव्हरची काच खाली ठेवा, किल्ली खिशात. सेंट्रल लॉकने दारं बंद होऊन किल्ली आत राहिली तर मोठी पंचाईत होते. दहा मिनिटं थांबा, म्हणजे कंट्रोलर झोपतील. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला.

आधी निगेटिव्ह क्लॅम्पचा नट ढिला करा. बहुतेक गाड्यांत दहाचा पाना लागतो. नट पूर्ण काढायची गरज नसते, ढिला झाला की क्लॅम्प डावी-उजवीकडे हलवत वर उचला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका आणि हातोडी तर मुळीच नको, खुंट आतून तुटतो. निगेटिव्ह केबल कापडात गुंडाळून बाजूला खोचा. निगेटिव्ह आधी का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी उघडताना पाना बॉडीला लागला तर बॅटरी सरळ शॉर्ट होते, पाना लाल होतो, बॅटरी फुटूही शकते. निगेटिव्ह सुटलेलं असलं की तोच पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. निगेटिव्ह क्लॅम्पवर करंट सेन्सर असेल तर त्याला पिळू नका. पॉझिटिव्ह बाजूला फ्यूजचा डबा क्लॅम्पलाच जोडलेला असेल तर केबल ओढून न काढता डब्यासकट हळूच उचला, ते प्लास्टिक सहज तुटतं.

मग बॅटरी दाबून ठेवणारी पट्टी काढा. तिचे लांब बोल्ट खाली पडू देऊ नका, अंडर कव्हरमध्ये गेले की शोधताना दमछाक होते. लहान गाडीची बॅटरी दहा किलोच्या आसपास असते, डिझेलची वीसपर्यंत. दोन्ही हातांनी खालून धरून सरळ उचला, आडवी करू नका. ट्रेवर ॲसिड गळलेलं असेल तर सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडा करा.

नवीन बॅटरी जुनीच्याच तोंडाने ठेवा. पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा जाड असतो, त्यामुळे क्लॅम्प उलटा लावला तर बसताना अडतो. अडला की थांबा, दाबू नका. पट्टी आधी घट्ट करा. हलवल्यावर बॅटरी हलता कामा नये. कसारा घाट किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर आदळणारी बॅटरी आतून झडते, पत्र्यांवरचा मसाला खाली पडून सेल शॉर्ट होतो. फार आवळूही नका, खोक्याला तडा जातो. मग पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह टेकताना बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका. क्लॅम्प खुंटाच्या तळापर्यंत बसवा, नट हाताने फिरणार नाही इतका घट्ट करा, पान्यावर लोंबकळू नका, शिसं मऊ असतं. वरून व्हॅसलीनचा पातळ हात. घट्ट करण्याआधी आत लावायचं नाही.

चालू केल्यावर घड्याळ परत लावावं लागेल. एका बटणाने पूर्ण वर जाणारी काच असेल तर ती वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवा, म्हणजे तिला जागा पुन्हा कळते. काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवा. इंजिन पहिली काही मिनिटं थोडं वर-खाली फिरेल, एसी बंद ठेवून तसंच राहू द्या. मग इंजिन चालू असतानाचं माप घ्या, ते चौदाच्या आसपास आहे याची खात्री झाली की काम संपलं.

जुनी बॅटरी घरात किंवा गच्चीवर ठेवू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. दुकानदार ती परत घेतो आणि नवीनच्या किमतीतून पैसे वजा करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात फोडलेल्या बॅटरीचं ॲसिड आणि शिसं शेवटी मातीत आणि विहिरीत उतरतं.

जोपर्यंत निकाल लागत नाही तोपर्यंत जंपर लावावा लागला तर क्रम पाळा. लाल आधी तुमच्या पॉझिटिव्हला, मग शेजाऱ्यांच्या पॉझिटिव्हला. काळी शेजाऱ्यांच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी हायड्रोजनपासून दूर पडेल. काढताना उलटा क्रम. गाडी चालू झाली आणि जंपर काढताच बंद पडली, तर अल्टरनेटर बघा.

बॅटरी चांगली निघाली तर तुमचा खरा उपाय वापर बदलण्यात आहे. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून काही भरत नाही, उलट पेट्रोल जातं. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास सलग चालवा, त्र्यंबकेश्वरला जाऊन आलात तरी पुरे. तेही जमणार नसेल तर महिन्यातून एकदा रात्रभर स्मार्ट चार्जर लावा, आणि दोन आठवड्यांहून जास्त बाहेरगावी जाणार असाल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून जा. सुटा केल्यावर रात्रीत किती उतरते तो आकडा मात्र आधी घ्या. तो घेऊन गॅरेजला गेलात तर बॅटरी विकत घ्यायची की गळती शोधायची, हे तिथे कोणाला अंदाजाने सांगावं लागणार नाही.